महायुगाचे सावन दिवस : एका संख्येचा अभ्यास

(शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ रत्नागिरी येथे दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत ते शंकर बाळकृष्ण दीक्षित याच जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील मुरूड गावी १८५३ साली जन्मले, शिक्षकाचा पेशा पत्करून त्यातच राहिले, आणि वयाची पंचेचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, १८९८ साली, निवर्तले. एवढ्या अल्प आयुष्यात त्यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ मराठीत लिहून १८९६ साली प्रसिद्ध केला, आणि त्याच साली रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर भारतीय कालगणनेची इंग्रजी कोष्टकेही छापून काढली. त्यांच्या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की, कोणत्याही सिद्धांताची स्तुती अथवा निंदा करण्यापूर्वी ते त्या सिद्धांताचे अंक मांडतात, त्यांच्या शेजारी दुसऱ्या सिद्धांताचे अंक मांडतात, आणि दोहोंतील अंतर वाचकाच्या नजरेस आणून देऊन मगच अभिप्राय देतात. त्यांचे गुणवर्णन करण्यापेक्षा त्यांच्याच रीतीने एखादा अंक तपासून पाहणे हे त्यांना अधिक रुचले असते असे वाटल्यावरून मी आज एकच संख्या विचारासाठी घेतली आहे.

ती संख्या १,५७,७९,१७,८२८, म्हणजे एक अब्ज सत्तावन्न कोटी एकोणऐंशी लक्ष सतरा हजार आठशे अठ्ठावीस. प्रचलित सूर्यसिद्धांताच्या मते एका महायुगात, म्हणजे ४३,२०,००० सौर वर्षांत, इतके सावन दिवस होतात. सावन दिवस म्हणजे आपला नित्याचा, वार बदलणारा दिवस. ग्रंथ पद्यात असल्यामुळे ही संख्या तेथे अंकांत लिहिलेली नाही. आठासाठी वसू, सातासाठी पर्वत, एकासाठी रूप, पंधरासाठी तिथी अशा सांकेतिक शब्दांनी, एकं स्थानापासून उलट्या क्रमाने ती वृत्तात गोवलेली आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात याहूनही संक्षेप साधला आणि महायुगाची त्रेचाळीस लक्ष वीस हजार वर्षे 'ख्युघृ' या दोन अक्षरांत बसविली. त्याच्या संकेतात ख म्हणजे दोन, य म्हणजे तीस, घ म्हणजे चार. उकाराने दहा हजारांची आणि ऋकाराने दहा लक्षांची पट होते, एवढे ध्यानात ठेवले की बेरीज कोणासही करता येते. नक्कल करणाऱ्याच्या हातून अंक सहज बिघडतो, परंतु शब्द बिघडला की वृत्त मोडते आणि चूक कानाला कळते. शतकानुशतके हस्तलिखितांतून फिरूनही हे अंक शाबूत राहिले याचे श्रेय बऱ्याच अंशी या युक्तीला आहे.

अशा प्रचंड संख्या पाहून आपल्यापैकी काहींना अभिमान वाटतो आणि काहींना हसू येते. पूर्वजांनी अब्जावधी दिवसांचा हिशेब ठेवला म्हणून पहिला पक्ष माना डोलावतो. ज्यांच्यापाशी दुर्बीण नव्हती त्यांनी त्रेचाळीस लक्ष वर्षांचे दिवस अखेरच्या आठापर्यंत कसे मोजले, असे विचारून दुसरा पक्ष तो सगळा व्यवहार कल्पनेच्या खाती टाकतो. या दोन्ही पक्षांनी ती संख्या वाचली आहे, पण तिला भागून कोणी पाहिलेले नाही. संख्येचे मोठेपण तिच्या लांबीत नसून तिच्या विभाजकांत आणि तिच्या बाक्यांत असते, आणि या संख्येच्या शेवटी जे २८ आहेत त्यांचा उलगडा आकाशापेक्षा अंकगणितातच अधिक होतो, हे मला आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम या संख्येची भावंडे पाहू. महायुगात चंद्राचे भगण, म्हणजे नक्षत्रचक्रातील पूर्ण फेरे, ५,७७,५३,३३६ सांगितले आहेत. त्यांतून सूर्याचे ४३,२०,००० भगण वजा केले की ५,३४,३३,३३६ चांद्रमास उरतात. सौर मास ५,१८,४०,०००. ते चांद्रमासांतून वजा केले की १५,९३,३३६ अधिकमास होतात, म्हणजे सुमारे साडेबत्तीस सौर महिन्यांस एक. चांद्रमासांना तीसने गुणले की १,६०,३०,००,०८० तिथी येतात, आणि त्यांतून आपली संख्या वजा केली की २,५०,८२,२५२ क्षयतिथी निघतात. पेशव्यांच्या दफ्तरातील एखाद्या ताळेबंदाप्रमाणे येथे प्रत्येक रक्कम दुसऱ्या रकमेशी रुजू होते. कोठेही अपूर्णांक नाही, कोठेही शिल्लक लटकत राहिलेली नाही. महायुगाची कल्पना धर्मशास्त्रात काहीही कार्य करीत असो, गणितात तिचे कार्य साऱ्या अपूर्णांकांना एक सामायिक छेद पुरविण्याचे होते. वर्षमान तीनशे पासष्ट दिवस आणि वर काही घटीपळे असे म्हणण्याऐवजी इतक्या वर्षांत इतके दिवस असे म्हटले की पूर्णांकांनीच सर्व व्यवहार चालतो, आणि दशांश चिन्हाची गरज पडत नाही.

सामायिक छेद म्हणून ४३,२०,००० ही संख्या मोठी सोयीची आहे. तिचे अवयव पाडले तर आठ वेळा दोन, तीन वेळा तीन आणि चार वेळा पाच एवढेच मूळ अवयव निघतात, आणि तिला निःशेष भागणाऱ्या संख्या एकंदर १८० आहेत. ज्या संख्येला इतके विभाजक आहेत तिच्या छेदाखाली दिवसांची संख्या मांडली की अपवर्तनाला, म्हणजे संक्षेप करण्याला, भरपूर वाव राहतो. तो वाव निरनिराळ्या आचार्यांनी कसा वापरला हे पाहण्याजोगे आहे.

आर्यभटाच्या मते महायुगाचे दिवस १,५७,७९,१७,५०० आहेत. या संख्येला आणि ४३,२०,००० ला ७,५०० ने भाग जातो, आणि उरते ते असे की, ५७६ वर्षांत २,१०,३८९ दिवस. त्रेचाळीस लक्षांचे गाठोडे सोडले तर आत पाचशे शहात्तर निघाले! कुट्टकाचे गणित करणाऱ्यांना, म्हणजे बाकी ठाऊक असता मूळ संख्या शोधून काढणाऱ्यांना, पुढे हाच २,१०,३८९ अंक सोयीचा पडला. आर्यभटाचाच दुसरा, मध्यरात्रीपासून दिवस मोजणारा जो पक्ष होता आणि वराहमिहिराने ज्या जुन्या सूर्यसिद्धांताचे सार दिले आहे, त्यांत दिवस ३०० नी अधिक, म्हणजे १,५७,७९,१७,८०० आहेत. येथे महत्तम साधारण विभाजक ५,४०० आहे, आणि संक्षेप होऊन ८०० वर्षांत २,९२,२०७ दिवस असे सुटसुटीत प्रमाण मिळते. म्हणजे वर्षाचे ३६५ दिवस टाकले की वर राहतात ते दिवसाच्या आठशे भागांपैकी २०७ भाग. दर वर्षी २०७ मिळवीत जावे, बेरीज आठशेवर गेली की एक दिवस वाढवावा, इतके ते काम सोपे होते.

आता आपल्या संख्येकडे वळू. जुन्या संख्येत केवळ २८ मिळवून ती झाली आहे. वर्षमानात यामुळे पडलेला फरक अवघ्या अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक, म्हणजे पंधराशे वर्षांत पस्तीस पळांचा, आपल्या चौदा मिनिटांचा आहे. परंतु अंकगणिताच्या दृष्टीने एवढ्या २८ ने सारा नूर पालटला. नव्या संख्येच्या अंकांची बेरीज ५५ होते, म्हणून तिला तीनने भाग जात नाही. ती आठावर संपते, म्हणून पाचाने जात नाही. दोनने दोनदा भागले की ३९,४४,७९,४५७ ही विषम संख्या उरते. ४३,२०,००० च्या एकशे ऐंशी विभाजकांपैकी एक, दोन आणि चार एवढेच तिच्या उपयोगी पडतात. त्यामुळे अपूर्णांकाचे अतिसंक्षिप्त रूप १०,८०,००० वर्षांत ३९,४४,७९,४५७ दिवस असे होते. जो छेद आठशे होता तो दहा लक्ष ऐंशी हजार झाला. वर्षानुवर्षे आकडेमोड करणाऱ्या जोशाच्या डोक्यावर हा बोजा कोणी आणि का लादला?

उत्तर चार या उरलेल्या विभाजकामध्येच आहे. सूर्यसिद्धांताच्या मते ग्रहांची गती सुरू झाल्यापासून कलियुगाच्या आरंभापर्यंत १,९५,५८,८०,००० सौर वर्षे लोटली. ही संख्या १०,८०,००० ची, म्हणजे पाव महायुगाची, बरोबर १८११ पट आहे. गतीच्या आरंभी सर्व मध्यम ग्रह एकत्र होते आणि कलीच्या आरंभीही पुन्हा एकत्र आले, असे म्हणावयाचे झाल्यास प्रत्येक ग्रहाचे पाव महायुगातील फेरे पूर्णांकी हवेत, म्हणजेच महायुगातील भगणांना चारने भाग जावयास हवा. आता कोष्टक पाहा : शनीचे १,४६,५६८, गुरूचे ३,६४,२२०, मंगळाचे २२,९६,८३२, शुक्राचे ७०,२२,३७६, बुधाचे १,७९,३७,०६० आणि चंद्राचे वर सांगितलेले, एकूण एक चारने भाज्य. अपवाद दोनच आहेत. चंद्रोच्चाचे, म्हणजे चंद्रकक्षेतील सर्वांत दूरच्या बिंदूचे, ४,८८,२०३ भगण विषम आहेत, आणि राहूचे १,३२,२३८ दोनने भागले जातात, चारने नव्हे. हे हयगयीने झाले म्हणावे तर बाक्या तसे म्हणू देत नाहीत. १८११ ने गुणून चारने भागले असता चंद्रोच्चाची बाकी एक उरते, म्हणजे पाव फेरा किंवा तीन राशी, आणि राहूची दोन, म्हणजे अर्धा फेरा किंवा सहा राशी, आणि कलीच्या आरंभी चंद्रोच्च तीन राशींवर व राहू सहा राशींवर असणे हेच त्या परंपरेला अभिप्रेत होते. येथे अपवादसुद्धा हिशेबात धरलेले आहेत.

दिवसांच्या संख्येवर याहून एक अट अधिक आहे, ती वाराची. सिद्धांताच्या गणितात वारांची गणना रविवारापासून आहे, आणि कलियुगाचा आरंभ, म्हणजे इ. स. पू. ३१०२ च्या १८ फेब्रुवारीला उज्जयिनीच्या मध्यरात्री लागलेला दिवस, शुक्रवार होता. तेव्हा मधल्या दिवसांना सातने भागून बाकी पाच उरली पाहिजे. ३९,४४,७९,४५७ ला सातने भागले तर बाकी एक उरते. असे पाव महायुगाचे तुकडे १८११, आणि १८११ ला सातने भागले तर बाकी पाच. मधले एकंदर दिवस ७,१४,४०,२२,९६,६२७. प्रत्यक्ष भागाकार करून पाहिला तरी बाकी पाचच. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार हे पाच संपले आणि शुक्रवार लागला.

या दोन अटी एकत्र ठेवून पाहा. महायुगाच्या दिवसांना चारने भाग गेला पाहिजे, नाहीतर कलीचा आरंभ मध्यरात्री होत नाही. आणि त्या चतुर्थांशाला सातने भागून एक उरला पाहिजे, नाहीतर शुक्रवार येत नाही. चार आणि सात यांना सामायिक विभाजक नसल्यामुळे या दोन अटी पुऱ्या करणाऱ्या संख्या दर अठ्ठाविसात एकच सापडते. १,५७,७९,१७,८०० ही अशी एक आहे. तिच्यानंतरची, मधल्या सत्तावीस संख्यांपैकी कोणतीही न चालता येणारी, पहिली संख्या म्हणजे १,५७,७९,१७,८२८! म्हणजे ज्याला वर्षमान यत्किंचित वाढवावयाचे आहे, परंतु कलीची मध्यरात्र आणि कलीचा वार यांना धक्का लावावयाचा नाही, त्याला लहानात लहान पाऊल अठ्ठाविसाचेच टाकता येते, आणि सूर्यसिद्धांतात नेमके तेवढेच पाऊल पडलेले आहे. सिद्धांत अंक सांगतो, अंकाची कारणे सांगत नाही. परंतु जेथे भागाकार इतका स्वच्छ बोलतो तेथे यदृच्छेचा आश्रय घेणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

यावरून दोन्ही पक्षांना उत्तर मिळते. अखेरचा आठ कोणी आकाशात मोजला नव्हता, हे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे खरे. पण म्हणून तो कल्पनेचा खेळ ठरत नाही. वेधांनी वर्षमान काही पळांच्या मर्यादेत आणून सोडावे आणि त्या मर्यादेतील असंख्य संख्यांपैकी कोणती घ्यावयाची हे विभाज्यतेने ठरवावे, अशी ही दुहेरी रचना होती. पहिल्या पक्षाने मात्र हे विसरू नये की नियमांत चोख बसणारी संख्या सृष्टीशीही चोख जुळतेच असे नाही. या संख्येवरून निघणारे वर्ष ३६५ दिवस १५ घटी ३१ पळे आणि सुमारे ३१ विपळांचे, म्हणजे ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटे ३६ सेकंदांचे आहे. आजच्या वेधांनी ठरलेले नाक्षत्र वर्ष याहून सुमारे साडेतीन मिनिटांनी लहान आहे. पंधराशे वर्षांत हे अंतर साडेतीन दिवसांच्या वर जाते. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये कल्पाचे, म्हणजे एक हजार महायुगांचे, म्हणून जे १५,७७,९१,६४,५०,००० दिवस दिले आणि आपल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी'त जे स्वीकारले, त्यांवरून येणारे वर्ष सत्याच्या काहीसे अधिक जवळ आहे, तरीही लांबच.

या ठिकाणी अंकांच्या दुसऱ्या प्रकारच्या मौजेचाही उल्लेख केला पाहिजे. डहाणूला जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत अध्यापन केलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी अंकांच्या बेरजांतून आणि उलटापालटींतून नाना गुण शोधून काढले. ६१७४ या त्यांच्या संख्येची कीर्ती तर देशोदेशी गेली. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला त्यांनी हर्षद म्हटले. त्या कसोटीला ४३,२०,००० उतरते, कारण तिच्या अंकांची बेरीज नऊ आहे. आपली संख्या उतरत नाही, कारण पंचावन्नाने तिला भाग जात नाही. परंतु हे गुण दशमान लेखनाचे आहेत. बाराच्या पायावर लिहू लागलो तर ते बदलतील. चारने भाग जाणे आणि सातने भागून बाकी उरणे हे गुण मात्र कोणत्याही लिपीत, कोणत्याही पायावर तसेच राहतात, आणि म्हणूनच ती संख्या देशांतर करू शकली.

ते देशांतर रत्नागिरीकरांना विशेष जवळचे आहे. ब्रह्मदेशाच्या जुन्या पंचांगगणितात वर्षमान २,९२,२०७ भागिले ८०० हेच होते, आणि तेथे दिवसाचे आठशे भाग कल्पून हिशेब चालत असे. म्हणजे मध्यरात्रपक्षाची ती जुनी संख्या बंगालच्या उपसागरापलीकडे राजदरबारी नांदत होती. एकोणिसाव्या शतकात, मिंडोन राजाच्या अमदानीत, तेथे सुधारलेली पद्धती अमलात आली, आणि तिने वर्षमान घेतले ते १,५७,७९,१७,८२८ भागिले ४३,२०,०००. अठ्ठाविसाचे ते पाऊल तेथेही पडले. त्याच मिंडोनचा पुत्र थिबा १८८५ साली पदच्युत झाला, १८८६ च्या एप्रिलात बंदी म्हणून या शहरी आला, १९१० साली बांधून झालेल्या त्या टेकडीवरील राजवाड्यात राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात येथेच वारला. ज्या वर्षी दीक्षितांचा ग्रंथ छापून निघाला, त्या वर्षी, याच जिल्ह्याच्या या मुख्य ठिकाणी, दीक्षितांनी कोष्टकात मांडलेल्या अंकावर ज्याच्या राज्याचा वर्षारंभ ठरत असे असा एक राजा नजरकैदेत होता. त्याचे राज्य गेले, दरबार मोडला. मेष संक्रांतीचे गणित तेवढे दोन्ही किनाऱ्यांवर एकाच संख्येने चालू राहिले.

मोठ्या संख्येच्या जाचातून सुटका करण्याचा मार्गही कोकणानेच दाखविला. समुद्रकाठच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास, 'ग्रहलाघव' रचिले. सृष्ट्यादीपासून अहर्गण, म्हणजे गत दिवसांची संख्या, काढू म्हटले तर सात निखर्वांच्या घरातील राशीला गुणावे लागते, आणि कलीपासून काढला तरी लाखांशी गाठ पडते. गणेशाने अकरा वर्षांचे एक चक्र कल्पिले. अकरा वर्षांचे १३२ महिने आणि ४ अधिकमास मिळून १३६ चांद्रमास, आणि त्यांचे दिवस ४०१६. किती चक्रे पुरी झाली ते एकदा मोजून बाजूस ठेवावे, प्रत्येक चक्राबद्दल ग्रहाच्या स्थानात ठरलेली दुरुस्ती करावी, आणि रोजचे गणित ४०१६ हून लहान अशा बाकीवर करावे. संख्या टाकून देऊन बाकी ठेवण्याची ही युक्ती आजच्या गणितज्ञाला नवी वाटणार नाही. अंकसिद्धांताचे एक अख्खे प्रकरण तिच्यावर उभे आहे. मराठी मुलखातील गावोगावच्या जोशांनी पुढे कित्येक पिढ्या ग्रहलाघवावर पंचांगे केली, ती त्यातील गणिताच्या या हलकेपणामुळे.

तेव्हा एकाच परंपरेत दोन वृत्ती दिसतात : सिद्धांतकार अटी सांभाळण्यासाठी संख्या मोठी करतो, आणि गणेशासारखा करणग्रंथकार काम उरकण्यासाठी ती लहान करतो. एकाला सर्व ग्रह, सर्व युगे आणि सातही वार एका सूत्रात ओवावयाचे आहेत; दुसऱ्याला उद्याची तिथी हवी आहे. दोघेही भागाकारच करतात, पण एक भागाकार बसविण्यासाठी संख्या निवडतो आणि दुसरा बाकी घेऊन संख्या सोडून देतो.

दीक्षितांचे ऋण येथे कळते. युगांच्या वर्षसंख्या पुराणांनी गायिल्या होत्या आणि परकीय पंडितांनी त्यांची थट्टाही केली होती. मुरूडच्या या शिक्षकाने त्या शेजारी शेजारी लिहिल्या, आणि ज्याला साधा भागाकार येतो अशा कोणाही मराठी वाचकाला त्या तपासण्याचा अधिकार दिला. आज मी जे सांगितले त्यात चार आणि सात यांनी भागण्यापलीकडे काही नाही, आणि ते इयत्ता पाचवीच्या मुलाच्याही आवाक्यातले आहे. पूर्वजांचा अंक हाती आला की प्रथम त्याला नमस्कार करावा की त्याची थट्टा करावी, या वादात आपण बराच काळ घालविला आहे. त्याला भागून बाकी पाहावी, हा तिसरा मार्ग दीक्षितांनी घालून दिला, आणि त्यांचे स्मारक म्हणून काही करावयाचे असेल तर या जिल्ह्यातील शाळांतून त्यांच्या ग्रंथातील कोष्टके मुलांपुढे गणिताचे उदाहरण म्हणून ठेवावीत, एवढीच माझी सूचना आहे.